नापाससाहेबांचं यान

गाडी चालवणाऱ्या माणसांचे त्या गावात दोन वर्ग होते: नापाससाहेबांनी एकदा नापास केलेले आणि एकाहून जास्त वेळा केलेले. वाहन परवान्याची परीक्षा घेण्यात साहेबांची सगळी नोकरी गेली, आणि पहिल्या फटक्यात पास झालेला उमेदवार कुणी पाहिल्याचं ऐकिवात नाही. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदांवर असेल तेवढंच. गाव त्यांना नापाससाहेब म्हणायचं, आणि ते कानावर पडलं की साहेब वरून कपाळाला आठ्या घालून आतून खूश व्हायचे.

सूनबाई दुसऱ्या वर्गातली. साहेबांशी नातं जुळायच्या कितीतरी आधी ती त्यांच्या हातून दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा गाडी मागे घेऊन दोन पिंपांच्या मधे लावताना. पुढे ती त्यांच्याच मुलाच्या प्रेमात पडली. मुलाने तिला घरी आणून ओळख करून दिली तेव्हा साहेबांनी तिला वरपासून खालपर्यंत निरखलं आणि म्हणाले, "पिंप पाडलं होतंस." लग्नाला त्यांचा होकार तो एवढाच.

अशा माणसाच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेणं म्हणजे सोपं काम नव्हे. पण साहेबांनी गाडीने शेजाऱ्यांच्या फाटकाचा खांब ठोकला. महिन्याभराने तोच खांब पुन्हा ठोकला. खांब पुढे सरकलाय, असं त्यांचं म्हणणं होतं आणि शेजाऱ्याला बोलावून त्यांनी ते टेप लावून सिद्ध करायचाही प्रयत्न केला. मग एका सकाळी दुधाच्या गाडीचा आरसा गेला, तेव्हा मात्र सूनबाई त्यांना तपासायला आपल्या दवाखान्यात घेऊन गेली.

ती डोळ्यांच्या दवाखान्यात नजर तपासायचं काम करायची. एका पोकळ घुमटात हनुवटी टेकवून पेशंटने समोरच्या ठिपक्याकडे बघायचं, आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात, दिवा दिसला की बटण दाबायचं, अशी ती तपासणी. उजवीकडच्या दिव्यांना साहेब टकाटक बटण दाबत होते. डावीकडच्या दिव्यांना हात हलेना. तपासणी संपल्यावर ते उठले, शर्ट नीट केला आणि तिला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले की तुमच्या मशीनचे डावीकडचे दिवे गेलेत, कुणाला तरी बोलावून दुरुस्त करून घ्या. तिला हसू आवरेना, पण मशीनमधून निघालेला कागद बघून ते थांबलं. काचबिंदू होता. समोरचं लख्ख दिसत होतं, पण डावी कड पार पुसून गेली होती, आणि ती परत येणारी नव्हती.

डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. साहेबांनी तपासणीच्या कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. कागद बघून आपण जन्मात कुणाला परवाना दिला नाही, तेव्हा कागद बघून कुणी आपला काढूनही घेऊ शकत नाही, प्रॅक्टिकल काय ते बोला, असं त्यांनी डॉक्टरांना सुनावलं. शेवटी चिरंजीवांनी किल्ली गुपचूप उचलून आपल्या जुडग्यात अडकवली. आठवडाभर बाप आणि लेक मिठाची बरणी तेवढी एकमेकांकडे सरकवत होते, शब्द नाही.

चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर बंद पडलेल्या लिफ्टमधे अडकलेल्या माणसांना धीर द्यायची सवय असल्यामुळे घरात कुणी अडकून बसलं की त्यांना चैन पडत नसे. त्यांनी अंतराळयान चालवायचा एक गेम आणला, सोबत एक जॉयस्टिक आणली, ती जेवणाच्या टेबलाला पकडीने घट्ट बसवली आणि टीव्हीला जोडून दिली. अंतराळात फाटकं नाहीत, खांब नाहीत, दुधाच्या गाड्या नाहीत, असा त्यांचा साधा हिशेब. साहेबांनी पहिल्या दिवशी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नाही असं बघून ते बसले, आणि सूनबाई दवाखान्यातून परत आली तेव्हा ते बूट घालून, शर्ट खोचून, टीव्हीच्या अगदी पुढ्यात ताठ बसले होते. चपला घालून गाडी चालवणाऱ्याला ते गाडीतून खाली उतरवत. यानालाही तोच नियम होता.

अंतराळाबद्दल साहेबांच्या तक्रारी फार होत्या. यानाला आरसे नाहीत. वळताना कुणी इशारा देत नाही. दोन ग्रहांच्या मधे एक पट्टा आखलेला नाही, मग माणसाने आपली बाजू सोडायची नाही म्हणजे नक्की काय करायचं? तरी ते माल भरून या स्थानकावरून त्या स्थानकावर जाऊ लागले. स्थानकाजवळ आलं की रेडिओवरचा आवाज यान आत आणायची परवानगी देई, आणि साहेब त्या आवाजाला न चुकता आभारी आहे म्हणत.

घोडं अडलं ते आत शिरताना. स्थानक म्हणजे हळूहळू फिरणारं एक अवाढव्य चाक, आणि मध्यभागी टपालपेटीसारखी आडवी फट. यानही त्याच वेगाने फिरवत, दोन्हीकडे सारखं अंतर ठेवून त्या फटीतून आत न्यायचं आणि दिलेल्या जागेवर अलगद टेकवायचं. याला गेमवाले डॉकिंग म्हणतात, साहेब यान लावणं म्हणत. हे काम यानातल्या कॉम्प्युटरवर सोपवून हात बांधून बसायचीही सोय होती. चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी ती दाखवून दिली. बटण दाबा आणि चहा पीत बसा, लिफ्टमधे माणूस दोरी ओढत बसतो का, असं त्यांचं म्हणणं.

"मग मी कशाला बसलोय तिथे?" साहेबांनी विचारलं. "शोभेला?"

साहेब हातानेच यान लावणार, हे ठरलं, आणि रोज संध्याकाळी घरात स्फोटांचा आवाज येऊ लागला. फटीची डावी कड त्यांना दिसायचीच नाही. यान नेमकं तिथेच आपटायचं, ठिणग्या, धूर, आणि पडदा करडा. ते पुन्हा सुरू करायचे, पुन्हा आपटायचे. स्थानक तिरकं बांधलंय, असा निष्कर्ष त्यांनी काढून पाहिला. दुसऱ्या स्थानकावर गेले, तेही तिरकं निघालं. सूनबाईला यातलं सगळं कळत होतं आणि ती स्वयंपाकघरात उभी राहून प्रत्येक स्फोटाला डोळे मिटून घ्यायची. एकदा जेवण झाल्यावर हात धुता धुता ते तिला म्हणाले, "झेपत नाही गं आता." हा शब्द तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, आणि तो तिला मुळीच ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले असताना तिने गेमच्या सेटिंगमधे डोकं घातलं. हाताने आणि आपोआप, या दोन्हींच्या मधे तिसरा एक प्रकार तिला सापडला. त्यात जॉयस्टिक चालवणाऱ्याच्याच हातात राहते, यान थोडंफार त्याचं ऐकल्यासारखंही करतं, पण फटीजवळ आलं की कॉम्प्युटर त्याला मागून सांभाळून आत नेतो. लहान मुलाच्या सायकलला आई मागून धरते, अगदी तसं. तिने तो प्रकार लावला. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका दिसू लागला. हे काय नवीन, असं साहेबांनी संध्याकाळी विचारलं तेव्हा ती इंटरनेटचं असेल म्हणाली आणि कांदा चिरायला निघून गेली.

त्या संध्याकाळी स्फोट झाला नाही. यान फटीतून असं आत शिरलं की जणू त्याचं माहेरच. साहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "अंदाज यावा लागतो."

त्यानंतर घराची कळाच बदलली. साहेब गुणगुणू लागले. जेवणात मीठ कमी आहे असं पूर्वीसारखं सांगू लागले. फोनवर आपल्या थोरल्या बहिणीला, ताईला, आज कितव्या स्थानकावर यान लावलं ते कळवू लागले, आणि ती बिचारी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या गावी पलंगावर पडलेली, ऐकून घेण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. सूनबाईने नवऱ्याला खरं काय ते सांगितलं, तर त्याची हसून पुरेवाट झाली. बाबांनी तुझी शिकवणी घेतली नाही म्हणजे मिळवलं, म्हणाला. साहेबांनी रविवारी तिची शिकवणी घेतली. मनगट सैल ठेव, घाई नको, दोन्हीकडे बघ. ती मान डोलवत राहिली. तिला त्यात गंमत वाटत होती आणि आपण एका म्हाताऱ्या माणसाला आनंदात ठेवलंय याचा थोडा अभिमानही. जे काम ती दवाखान्यात रोज करायची, म्हणजे नजर गेली की तसं तोंडावर सांगायचं, ते घरात करायची वेळ आपण टाळतोय, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

ते आलं एका शनिवारी सकाळी, चहाच्या वेळी. साहेब दाढी करून, तयार होऊन टेबलाशी बसले आणि त्यांनी मुलापुढे हात पसरला.

"किल्ली."

चिरंजीव कपात बघू लागले. साहेबांनी शांतपणे मुद्दा मांडला. उद्या आपण ताईला भेटायला जाणार, आणि गाडी आपण चालवणार. कागदाचं प्रकरण आपण मानलं नव्हतं, प्रॅक्टिकल मागितलं होतं, आणि ते झालंय. कुठल्याही फाटकाहून अरुंद जागा, तीही फिरती, समोरून दुसरी यानं येताहेत, आणि अंदाज आल्यापासून आपण एकदाही कुठे घासलेलं नाही. पास झालेल्या माणसाला परवाना नाकारायचा हक्क कुणालाच नसतो, तो आपल्यालाही नव्हता.

म्हणणं बिनतोड होतं. एकच अडचण होती, आणि ती चिरंजीवांना चांगली माहीत होती. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, कुठेतरी कुणीतरी लिफ्टमधे अडकलं होतं, आणि इतक्या आनंदाने कामाला निघालेला माणूस सूनबाईने यापूर्वी पाहिला नव्हता. जाताना त्यांनी किल्ली जुडग्यातून काढून टेबलावर ठेवली, तुम्ही दोघं ठरवा म्हणाले, आणि दारातून बायकोकडे असं बघितलं की तूच घातलेला घोळ, तूच निस्तर.

किल्ली टेबलावर पडून राहिली. साहेबांनी तिला हात लावला नाही, ते चहा संपवत होते. सूनबाईच्या डोक्यात एकामागून एक युक्त्या येऊन गेल्या. चाकातली हवा सोडावी. बॅटरी उतरली म्हणावं. ताईंना फोन करून उद्या नका बोलावू म्हणून सांगावं. प्रत्येक युक्तीत आणखी एक खोटं होतं, आणि पहिल्या खोट्याने काय केलं ते समोर दिसत होतं. तिला ताईंच्या गावचा रस्ता आठवला, गावाबाहेरचा तो उतार, डाव्या अंगाने सायकली घेऊन जाणारी पोरं. तिला भीती वाटली. आणि तिचा या माणसावर जीव होता, म्हणून ती भीती जास्तच वाटली.

"बाबा," ती म्हणाली, "ते यान तुम्ही लावत नव्हता."

साहेबांनी कप खाली ठेवला. "मग कोण लावत होतं?"

"कॉम्प्युटर. मी सेटिंग बदललं होतं. तुमच्या हातात होतं असं वाटायचं फक्त."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा लागलं ना, तेव्हापासून."

त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं, उलटे करून पुन्हा बघितलं. "आणि ते हिरवं?"

"ते त्याचंच."

"म्हणजे तू मला कॉपी पुरवलीस," ते म्हणाले.

ती हो म्हणाली. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. एका उमेदवाराच्या भावाने एकदा भिंतीआडून खुणा केल्या होत्या, तर साहेबांनी दोघांनाही मैदानाबाहेर काढलं होतं, हा किस्सा तिने लग्नानंतर कितीतरी वेळा ऐकला होता. आज ते नुसतेच उठले आणि आपल्या खोलीत गेले. दार लागलं. ती टेबलाशी बसून राहिली आणि आपण एवढ्या शहाण्या असून आपल्याला ही अवदसा कशी आठवली म्हणून स्वतःला बोल लावत राहिली.

ती कप विसळायला उठली तेव्हा दार उघडलं. साहेबांनी बूट चढवले होते. ते येऊन टीव्हीपुढे बसले.

"बंद कर तो कॉम्प्युटर," ते म्हणाले. "तीन संधी. परीक्षक तू."

"कशाला बाबा, राहू द्या."

"परीक्षक असं बोलत नाही."

तिने सेटिंग बदललं. हिरवा ठिपका गेला. ती त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि हात कुठे ठेवावेत ते तिला सुचेना. पहिल्या खेपेला यान फटीपर्यंत छान गेलं, अगदी सरळ, आणि डाव्या कडेवर जाऊन फुटलं. साहेबांनी पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या खेपेला ते फार सावकाश गेले, इतके की मागून येणारी दोन यानं ओलांडून पुढे गेली, आणि तरी तेच झालं. तिसऱ्या खेपेला त्यांनी परवानगी मागितली, आवाजाला आभारी आहे म्हटलं, आणि यान आत घातलं. कर्रर्र असा लांबलचक आवाज झाला. यान हललं, कलंडलं, पण फुटलं नाही. धूर सोडत, एका बाजूने चेपलेलं, ते कसंबसं आपल्या जागेवर जाऊन टेकलं, आणि रेडिओवरच्या आवाजाने स्वागत केलं.

"लागलं!" सूनबाई खुर्चीतून उठलीच. "बाबा, लागलं. पास!"

साहेब पडद्याकडे बघत होते.

"घासल्याचं ऐकलंस ना?"

"थोडंसंच घासलं."

"तिन्ही वेळा कुठे लागलं?"

ती खुर्चीत परत बसली.

"परीक्षकांना विचारतोय मी."

"डावीकडे," ती म्हणाली.

साहेबांनी जॉयस्टिक सोडली. यान पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ते जसे ताठ बसले होते, तसे आता बसले नव्हते. खांदे खाली आले होते. उन्हातान्हात मैदानावर उभं राहून ज्या आवाजात त्यांनी गावाला निकाल सांगितले, त्याच आवाजात ते बोलले, फक्त हळू.

"उमेदवाराला डावी बाजू दिसत नाही. गाडी देऊ नये." मग ते तिच्याकडे वळले. "आणि अशा माणसाला तू पास करत होतीस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सगळ्या आयुष्यात कुणाला इतक्या मनापासून पास केलं नव्हतं, आणि त्याचंच तिला आता सर्वांत वाईट वाटत होतं.

साहेब उठले, टेबलापाशी गेले, आणि किल्ली उचलून त्यांनी ती तिच्या हातावर ठेवली. मग बूट काढायला खाली वाकले. डाव्या बुटाची नाडी सोडता सोडता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

"नाश्ता करून निघू. मी घेते गाडी."

"ताईला सांग फोन करून. आम्ही दोघं येतो म्हणावं."

"सांगते."

ते थोडा वेळ नाडीशी झटापट करत राहिले.

"चालवताना बोललेलं चालतं ना तुला?" ते म्हणाले. "परीक्षेत मी कधी कुणाशी बोललो नाही. पोरं घाबरायची."

"मला चालतं, बाबा. मी नाही घाबरत."

"मग असं कर," ते म्हणाले. "रस्त्यात डावीकडे काय काय दिसतं, ते मला सांगत जा."